रेडिएशन मीटरच्या आत नेमकं काय काय असतं?

समोरच्या गच्चीवर मोबाईल टॉवर आलाय, म्हणून रेडिएशन मीटर घ्यायचंय, त्यात मुख्य भाग कोणते असतात, असं तुम्ही विचारलंय. टॉवरचं आधी सांगतो, पैसे वाचतील. टॉवरमधून रेडिओलहरी निघतात. अणूतला इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याइतका जोर त्यांच्यात नसतो, आणि हे मीटर तर नेमका तेवढा जोर असलेले किरणच ओळखतं. टॉवरसाठी वेगळं यंत्र लागतं. तरीही घ्यायचं असेल तर पुढं वाचा.

मी नांदेड जिल्ह्यात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. पोरांना घेऊन असं एक मीटर सुटे भाग आणून जोडलं होतं, त्यामुळं आतलं सगळं हाताखालून गेलंय.

जीव असतो नळीत. गायगर आणि म्युलर यांनी १९२८ साली बनवलेली हीच नळी आजही बहुतेक स्वस्त मीटरांत दिसते. आमची एसबीएम-२० होती, जुनी सोव्हिएत बनावटीची, बोटाएवढी जाड. आत कमी दाबाचा निऑनसारखा वायू, मधोमध तार, भोवती पोलादी भिंत. गॅमा किरण बहुतेक वेळा वायूला धडकतच नाही. तो भिंतीतला इलेक्ट्रॉन उडवतो आणि तो इलेक्ट्रॉन वायूत शिरून तिथल्या अणूंतले इलेक्ट्रॉन उडवत धिंगाणा घालतो. शंभर गॅमा गेले तर एखादाच असा पकडला जातो. हा धिंगाणा थांबवायला वायूत थोडा हॅलोजन (ब्रोमीनसारखा वायू) मिसळलेला असतो, नाहीतर नळी विझलीच नसती. अल्फा कण मात्र पोलादात अडकतात. ते मोजायचे तर अभ्रकाची पातळ खिडकी असलेली नळी लागते.

या नळीला ४०० व्होल्ट लागतात, आणि बॅटरी असते ३.७ व्होल्टची. मधे कॉईल, ट्रान्झिस्टर आणि डायोड-कपॅसिटरची साखळी मिळून व्होल्टेज वर चढवतात. इथंच आमचे दोन दिवस गेले. साध्या मल्टिमीटरनं मोजलं तर दीडशेच्या आसपास दाखवायचं. कॉईल बदलली, ट्रान्झिस्टर बदलला, दुकानदाराला शिव्याही दिल्या. शेवटी लक्षात आलं की मल्टिमीटरचा स्वतःचा १० मेगाओहम रोधच हा नाजूक पुरवठा खाली ओढत होता. एक गिगाओहमचा रोध मालिकेत घालून हिशोब केला, तर व्होल्टेज बरोबर निघालं. बिचाऱ्या दुकानदाराचा काही दोष नव्हता.

नळीच्या तारेला ५ मेगाओहमच्या आसपासचा रोध असतो. पकडलेल्या प्रत्येक कणामागं विजेचा एक झटका निघतो, तो नीट चौकोनी होऊन मायक्रोकंट्रोलर नावाच्या छोट्या संगणक-चिपकडं जातो, तिथं मोजणी होते, बझर टिक करतो. स्क्रीन, बॅटरी, डबा यांच्यावर सांगण्यासारखं काही नाही.

आकड्याचं मात्र सांगायला हवं. नळी फक्त टिक मोजते, कणात किती ऊर्जा होती ते तिला कळत नाही. मिनिटाच्या टिकांना एका ठरावीक गुणकानं गुणून स्क्रीनवर मायक्रोसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणांच्या मात्रेचं एकक) येतात, आणि हा गुणक बहुधा सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थावर बेतलेला असतो. ऊर्जा ओळखायची तर सोडियम आयोडाइडचा स्फटिक आणि त्यातला मंद उजेड टिपणारी नळी हवी, पण मग किंमत कुठल्या कुठं जाते. शिवाय मिनिटाला २० टिका असतील तर पुढच्या मिनिटाला १५ येतात, कधी २५. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दहा मिनिटं मोजा, आकडा स्थिरावतो.

आपल्या मराठवाड्याचा बराचसा भाग काळ्या बेसाल्टवर बसलाय, त्यात किरणोत्सारी युरेनियम-थोरियम कमी. देगलूर-बिलोलीकडं ग्रॅनाईट वर येतो, तिकडं आकडा थोडा चढलेला दिसतो. पोरांना याचंच जास्त नवल वाटलं.

मीटर घेतल्यावर ते चालतं का हे बघायचं असेल तर वरातीत गॅसबत्त्या लागायच्या, त्यांचं मेंटल (ज्योतीवरची जाळी) शोधा. जुन्या मेंटलमध्ये थोरियम असायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीतूनसुद्धा टिकटिक लगेच वाढते. पिशवी उघडू नका, जळालेल्या मेंटलला तर हातच लावू नका, त्याची धूळ नाकात जाते. नवीन काही मेंटल बिनथोरियमची असतात, त्यांच्यावर आकडा हलला नाही म्हणून मीटर परत करायला निघू नका.