नाल्यात गेलेली घरं

अगं,
तुझा मेसेज वाचला. सॅटेलाईटचे फोटो वापरून वस्त्यांसाठी कायतरी करायचंय म्हणतेस, कर की, पण आधी माझा घोळ ऐक.

काही वर्षांमागं इथल्याच एका नाल्याकाठच्या वस्तीत घरं पाडायची नोटीस आलेली, आणि नकाशात बघितलं तर तिथं नुसती मोकळी जागा, जसं काय कुणी राहतच नाही. मग मी दोन रात्री जागून ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणीही भर घालू शकतो अशा ऑनलाइन नकाशावर, बिंगच्या सॅटेलाईट फोटोवरून एकेक पत्रा गिरवला, लई खूश होतो. प्रिंट घेऊन वस्तीत गेलो. एक आजी दारात विडी वळत बसलेल्या, त्यांना बोटानं दाखवलं, हा नाला, हे देऊळ, हे तुमचं घर. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, कागद जवळ धरला आणि म्हणाल्या, "आमचं घर नाल्यात गेलंय की रे."

खरंच गेलं होतं. तो फोटोच सात-आठ मीटर सरकलेला, आणि नाला मात्र आधीच कुणीतरी जीपीएस घेऊन काठानं चालून नीट काढलेला, त्यामुळं पुढची अख्खी रांग पात्रात. म्हणजे घरं वाचवायला काढलेला नकाशाच उद्या कुणी सुनावणीत पुढं केला असता, बघा, तुमचेच लोक म्हणतायत घरं नाल्यात आहेत. त्याच रात्री दुरुस्त केलं, पण तिथं प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो, माझं ते येडेपण आजही कुणालाही बघता येतंय.

म्हणून गिरवायच्या आधी फोटो जागेवर बसव, लोकांनी जीपीएस घेऊन फिरून नोंदवलेले रस्त्याचे ट्रॅक असतात त्यावर जुळवून. आणि गूगलच्या फोटोवरून गिरवू नको, त्यांच्या लायसनमध्ये ते बसत नाही.

दुसरं, फुकट मिळतंय म्हणून त्यात सगळं दिसतंय असं नाही. सेंटिनेल-२ ह्या युरोपच्या सॅटेलाईटचे फोटो साधारण दर 5 दिवसांनी मिळतात, पण त्याचा बारीकातला बारीक पिक्सेल 10 मीटरचा, आपल्या दहा बाय दहा फुटी खोल्या चिकटून असल्या तर तशा दहा खोल्या एकाच ठिपक्यात बसतात, मग एकीचा पत्रा उडाला काय नि राहिला काय. त्यात झोपडपट्टीवाल्यांना मोफत पर्यायी घर मिळायला आपल्याकडं 1 जानेवारी 2000 ची तारीख विचारतात, आणि पहिलं सेंटिनेल-२ वर गेलं 2015 ला! अमेरिकेचं लँडसॅट 1972 पासून आहे, पण त्याचा 2000 सालचा रंगीत पिक्सेल 30 मीटरचा, फार तर इथं झाडी नाही, कायतरी बांधलेलं आहे एवढं कळेल. तिथं लाईट बिल आणि मतदार यादीच कामाला येते, फोटो आपला जोडीला. वनहक्काच्या 2012 च्या सुधारित नियमांत पण हेच आहे, सॅटेलाईट फोटो इतर पुराव्याला पूरक, त्यांच्या जागी नाही.

मग ह्याचा उपयोग काय असं वाटेल तुला. म्यानमारचं बघ. 25 ऑगस्ट 2017 नंतर तिथल्या रखाइन प्रांतात रोहिंग्या मुसलमानांची गावं जळत होती, सरकार बाहेरच्या कुणाला आत सोडत नव्हतं, वर पावसाळ्याचे ढग. तरी आग टिपणारे सेन्सर होते, ढग फाटले की फोटो मिळत होते, आणि पळून बांगलादेशात आलेली माणसं गावाचं नाव नि दिवस सांगत होती. हे सगळं जुळवत ह्यूमन राइट्स वॉच ह्या मानवी हक्कांच्या संघटनेनं डिसेंबरपर्यंत 354 गावं मोजली, काही अर्धवट तर काही पार जळालेली. एवढी राख, आणि काही ठिकाणी शेजारचं बिगर-रोहिंग्या गाव झाडांसकट शाबूत. अपघातानं लागलेली आग अशी घरं निवडत नाही. पण जाळलं कुणी, हे फोटोत नव्हतं, ते माणसांनीच सांगितलं.

आणि हो, ओपनस्ट्रीटमॅप सगळ्यांना दिसतो, नोटीस काढणाऱ्यालाही. नळ, संडास, अंगणवाडी, बोळ टाक, पण कुणाचं घर कुठलं, कुठल्या समाजाचं, मिटिंग कुठं भरते हे कधी टाकू नको. आणि वस्तीला न विचारता तर काहीच नको, मी विचारलं नव्हतं.

आता एक कर. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पाण्याची टाकी आहे ना, ती फोटोत कुठं दिसते आणि खरी कुठं आहे ते जाऊन बघ, किती सरकलीय मोजून मला कळव. टेप नसला तर पावलांनी मोज, चालतंय.