यकृताच्या शस्त्रक्रियेत पोट उघडल्यावर पुन्हा सोनोग्राफी कशासाठी करतात?

आपण विचारले आहे की, वडिलांच्या यकृतात कर्करोगाची गाठ सापडली, सीटी स्कॅन आणि एमआरआय दोन्ही झाले, तरीही पोट उघडल्यावर पुन्हा सोनोग्राफी करणार असल्याचे सर्जननी सांगितले. मग आधीच्या तपासण्यांवर त्यांचा विश्वास नाही का, आणि यासाठी वडिलांना फोंड्याहून मुंबईला न्यावे का? मी गोव्यातच रेडिओलॉजिस्ट आहे आणि यकृताच्या शस्त्रक्रियांच्या वेळी ही सोनोग्राफी करण्यासाठी अनेकदा थिएटरमध्ये उभा राहिलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

येथे अविश्वासाचा प्रश्नच नाही. सीटी आणि एमआरआय ही रुग्ण उताणा झोपलेला असताना, शस्त्रक्रियेच्या काही दिवस किंवा आठवडे आधी टिपलेली चित्रे असतात. थिएटरमध्ये मात्र यकृताला धरून ठेवणारे पडदे सोडवून ते उचलले जाते, कित्येकदा डावीकडे वळवले जाते, आणि मग चित्रातली गाठ हातातल्या यकृतात नेमकी कोठे आली, हे नुसते पाहून सांगता येत नाही. फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ क्लोद क्विनो यांनी १९५७ मध्ये यकृताचे जे ८ भाग मांडले, त्यांच्या सीमा पृष्ठभागावर आखलेल्या नसतात; त्या आतल्या रक्तवाहिन्यांवरून ठरतात. मांडवीतून बार्ज नेणाऱ्याला वरचे पाणी सगळीकडे सारखेच दिसते, पण खोल पात्र कोठून जाते हे त्याला ठाऊक असावेच लागते. सर्जनची गरज तशीच आहे.

पोटावरून सोनोग्राफी करताना ध्वनिलहरींना त्वचा, चरबी आणि बरगड्यांच्या फटी यांतून वाट काढावी लागते, म्हणून साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झच्या, खोलवर पोहोचणाऱ्या पण काहीशा ढोबळ चित्र देणाऱ्या लहरी वापरतात. पोट उघडल्यावर हे अडथळे उरत नाहीत. बोटांच्या बेचक्यात मावणारा छोटा प्रोब (लहरी सोडणारे आणि टिपणारे उपकरण) निर्जंतुक करून थेट यकृतावर ठेवता येतो आणि ५ ते १० मेगाहर्ट्झच्या लहरींनी काही मिलिमीटरची गाठही दिसू शकते. पोर्टल व्हेनच्या, म्हणजे आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेच्या, फांद्यांच्या भिंती पडद्यावर ठळक पांढऱ्या उमटतात, यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या हिपॅटिक व्हेनच्या भिंती जवळजवळ दिसतच नाहीत, आणि डॉपलर लावला की त्यांतला रक्तप्रवाहही दिसतो. मग गाठीपासून पुरेसे अंतर राखून कोणती वाहिनी बांधायची आणि कोणती वाचवायची, हे कापण्यापूर्वी ठरते. यात बहुधा १५-२० मिनिटे जातात आणि किरणोत्सर्गाचा संबंध येत नाही.

या तंत्राला खरा आकार दिला तो जपानचे सर्जन मासातोशी माकुउची यांनी. यकृतातच सुरू झालेला कर्करोग पोर्टल व्हेनच्या फांद्यांतून आसपास पसरू शकतो, म्हणून त्या फांदीचा सगळा प्रदेश काढणे इष्ट असते. पण सिरोसिस (यकृत कायमचे व्रणमय आणि कडक होणे) झालेल्या रुग्णाला यकृताचा मोठा भाग गमावणे परवडत नाही. माकुउची यांच्या पद्धतीत सोनोग्राफीत पाहून त्या फांदीत सुई घालतात आणि निळा रंग सोडतात. तेवढाच प्रदेश पृष्ठभागावर निळा होतो आणि त्या कडेने कापता येते. न दिसणारी सीमा अशी डोळ्यांसमोर उमटते, याचे मला आजही मनापासून कौतुक वाटते. पूर्वी या सोनोग्राफीत नव्या गाठी सापडणे बरेच होत असे; आता एमआरआय सुधारल्यामुळे ते कमी झाले आहे. माझ्या मते आज तिचे मोठे काम गाठ शोधण्यापेक्षा निरोगी यकृत वाचवण्याचे आहे.

तिच्या मर्यादाही सांगतो. केमोथेरपीने चरबी साठलेल्या यकृतात लहरी लवकर क्षीण होतात, आणि सिरोसिसमधल्या साध्या गाठी कर्करोगासारख्या दिसू शकतात. प्रोबच्या अगदी लगतचा थरही नीट दिसत नाही. सुरुवातीच्या काळात माझ्याकडून पृष्ठभागालगतची एक छोटी गाठ अशीच निसटली होती. ती सर्जनच्या बोटाला लागली. तेव्हापासून मी सलाइन भरलेला निर्जंतुक हातमोजा मध्ये ठेवून, म्हणजे प्रोब थोडा दूर धरून, पृष्ठभाग पुन्हा तपासल्याशिवाय थांबत नाही. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होणार असेल, तर हाताने चाचपण्याची सोय नसते, म्हणून तेथे टोक वळवता येणाऱ्या लांब प्रोबची आवश्यकता अधिकच असते.

आता मुंबईविषयी. कर्करोग म्हटला की परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरायची, ही आपल्या गोव्यातली जुनी सवय आहे आणि ती निराधार नाही. परंतु केवळ या सोनोग्राफीसाठी जाण्याचे कारण मला दिसत नाही. पाहायचे ते एवढेच की यकृतासाठीचा प्रोब त्या थिएटरमध्ये आहे का आणि तो सर्जन स्वतः फिरवणार की रेडिओलॉजिस्ट, व ज्याच्या हाती तो असेल त्याला या कामाचा सराव आहे का. गर्भलिंगनिदानविरोधी १९९४ च्या कायद्यामुळे सोनोग्राफीचे यंत्र नोंदणी झालेल्या जागेतच वापरावे लागते, त्यामुळे ऐनवेळी बाहेरून यंत्र आणवू, असे कोणी म्हणाले तर सावध व्हा.

आणि संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी सर्जनना एक प्रश्न जरूर विचारा: आत आणखी गाठ दिसली, तर आपण काय कराल? अधिक भाग काढणे, गाठ सुईने जाळणे, किंवा उरणारे यकृत पुरेसे नसेल तर न कापताच पोट बंद करणे, यांपैकी काहीही त्या क्षणी योग्य ठरू शकते. वडिलांशी याबद्दल आधी बोलून ठेवा, कारण तो निर्णय होईल तेव्हा ते भुलीखाली असतील आणि डॉक्टर थिएटरच्या दाराशी येऊन तो आपल्याला सांगतील.