वाचक विचारतात : पाळणा लांबवायचा, तर साधन हाताशी हवं

या महिन्यात मराठवाड्यातून आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच धास्ती आहे : सरकारं बदलतात, धोरणं बदलतात, मग उद्या आमच्या हातातलं साधन राहील का? त्यांतल्या पाच पत्रांना उत्तरं देत आहोत. पत्र पाठवणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी वडवणी तालुक्यात (जि. बीड) आशा आहे. दसरा झाला की आमच्या तांड्यावरच्या जोड्या ऊसतोडीला जातात, कुणी सांगलीकडं, कुणी कर्नाटकात. जायच्या आधी बाया पाळणा लांबवायचं ‘अंतरा’ इंजेक्शन घेतात, पण फडावर पुढचं चुकतं आणि पाडव्याला पोटुशी होऊन येतात. वरून ‘पाळी बंद झाली म्हणजे पिशवी खराब झाली’ ही भीती आहेच. काय करावं?

उत्तर : ताई, आधी तारखांचा हिशोब करू, कारण गाडी तिथंच अडते. अंतरा म्हणजे मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन १५० मि.ग्रॅ., दर तेरा आठवड्यांनी. समजा, निघताना २० ऑक्टोबरला इंजेक्शन घेतलं, तर पुढची तारीख १९ जानेवारी. आपल्या कार्यक्रमाच्या नियमाप्रमाणे ते दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरा घेतलेलं चालतं, म्हणजे ५ जानेवारी ते १६ फेब्रुवारी यांतला कुठलाही दिवस. १९ जानेवारीला घेतलं तर त्यापुढचं २० एप्रिलला, म्हणजे बहुतेकींचं गावी परतल्यावर. थोडक्यात, निघायच्या तोंडावर इंजेक्शन घेतलं तर अख्ख्या हंगामात फडावर एकच घ्यावं लागतं. तेच इंजेक्शन ऑगस्टच्या शेवटी घेऊन बाई निघाली, तर नोव्हेंबरच्या शेवटी आणि फेब्रुवारीच्या शेवटी अशी दोन तिकडं येतात, आणि तिथंच चुकतं. म्हणून सप्टेंबरमध्येच यादी काढा. जिची तारीख निघण्याच्या दिवसानंतर दोन आठवड्यांच्या आत येते, तिला आधीच टोचून घ्या.

अंतराचं कार्ड बाईच्या स्वतःच्या सामानात असू द्या, मुकादमाकडं नको. कार्डाचा मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. वरच्या उदाहरणातल्या ५ जानेवारी आणि १६ फेब्रुवारीसारख्या, जिच्या तिच्या दोन्ही टोकांच्या तारखा कार्डाच्या मागं ठळक अक्षरात लिहा. अंतरा २०१७ पासून केंद्राच्या कार्यक्रमात आहे, त्यामुळं दुसऱ्या जिल्ह्यातल्या किंवा कर्नाटकातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही ते मागता येतं. भाषेची अडचण आली तर कार्ड पुढं करावं. टोचलेली जागा चोळू नये, शेकू नये, कारण त्यानं औषध लवकर शोषलं जातं आणि परिणाम तेरा आठवडे टिकत नाही. फडावर दिवसभर वाकून काम केल्यावर दंड दुखतो म्हणून बाया नेमकं हेच करतात, तेवढं बजावून सांगा.

ठरलेल्या तारखेनंतर चार आठवडेही उलटून गेले असतील, तर आधी ‘निश्चय’ किटवर दिवस गेलेत का याची लघवीची तपासणी, मग इंजेक्शन, आणि पुढचे सात दिवस निरोध.

आता पाळीचं. पहिल्या काही महिन्यांत डाग लागतात, अधूनमधून अंगावरून जातं, आणि दोन-तीन इंजेक्शनांनंतर पुष्कळ जणींची पाळी थांबते. या औषधानं गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं. अस्तरच वाढत नाही, तर बाहेर पडणार काय? आत ‘घाण’ साचत नाही. इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला शेवटच्या डोसपासून साधारण सात ते दहा महिने लागतात, हे आधीच सांगितलं की नंतर गैरसमज होत नाही. मात्र नेहमीपेक्षा दुप्पट दिवस किंवा दुप्पट रक्तस्राव होत असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. रक्तदाब १६०/१०० किंवा त्याहून जास्त असेल, कारण न कळलेला रक्तस्राव असेल किंवा स्तनाचा कर्करोग झालेला असेल, तर अंतरा देऊ नये.

हे इतकं सविस्तर लिहिण्याचं कारण तुम्ही जाणता. बीडमधल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला आणि चौकशी समिती नेमावी लागली. अंगावरून जाणं, पाळी चुकणं, मूल नको असणं या तिन्हींवर एकच इलाज म्हणून तिशीच्या आतबाहेरच्या बाईची पिशवी काढणं हा तिच्यावर अन्याय आहे. सोबत बीजांडकोशही काढले, तर हाडं झिजणं लवकर सुरू होतं. पिशवी काढणं हे गर्भनिरोधनाचं साधन नव्हे, हे प्रत्येक घरात जाऊन सांगा.

जिला इंजेक्शन नको, तिला ‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळी द्या. ३० मि.ग्रॅ.ची गोळी : पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्याला एक. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी. तो सोमवार असेल तर सोमवार आणि गुरुवार, आणि चौथ्या महिन्यापासून फक्त सोमवार. आठ गोळ्यांची पट्टी असते. जुलैत सुरू केली तर निघेपर्यंत दोनदाचे तीन महिने संपतात आणि सहा महिन्यांच्या हंगामाला २६ गोळ्या, म्हणजे चार पट्ट्या पुरतात. निघतानाच सुरू केली तर ३९ गोळ्या, पाच पट्ट्या. गोळी विसरली तर आठवताक्षणी घ्यावी आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरावा. सात दिवसांच्या वर विसरली तर नव्यानं, आठवड्यातून दोनदापासून सुरुवात. अंगावर पाजणारीला चालते. कावीळ किंवा यकृताचा आजार असेल तर चालत नाही.

तांबी बसवायची असेल तर निघायच्या दोन-तीन महिने आधी बसवा. ती सरकून पडायची असेल तर बहुधा पहिल्या तीन महिन्यांत पडते, आणि तेवढ्या काळात तपासणीही होऊन जाते. मोळी डोक्यावर उचलल्यानं तांबी पडत नाही. रक्त फार कमी असलेल्या बाईला मात्र ती पहिला पर्याय म्हणून सुचवू नका, कारण सुरुवातीचे काही महिने पाळीत जास्त जातं.

प्रश्न : आमच्या उपकेंद्रात (औंढा नागनाथ, जि. हिंगोली) माला-एन या रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या संपल्या आहेत. ‘वरून आल्या नाहीत, निवडणुका झाल्यावर बघू’ असं सांगतात. तोवर काय?

उत्तर : आचारसंहितेनं चालू आरोग्यसेवा थांबत नाहीत. ते कारण ऐकून परत फिरू नका.

पट्टीत २१ पांढऱ्या संप्रेरकाच्या आणि ७ लोहाच्या गोळ्या असतात. सगळ्यांत मोठा धोका लोहाच्या गोळ्या संपल्यानंतरच्या उशिरात आहे. पांढऱ्या गोळ्यांशिवाय सात दिवसांच्या वर गेले की बीज सुटू शकतं. म्हणून नवी पट्टी वेळेवर मिळाली नाही, तर त्याच दिवसापासून निरोध वापरा, आणि नव्या पट्टीतल्या सात पांढऱ्या गोळ्या सलग पोटात जाईपर्यंत तो सोडू नका. मेडिकलमधून घ्यायची वेळ आली तर नाव पाहू नका, घटक पाहा : लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मि.ग्रॅ. आणि इथिनिल इस्ट्रॅडिऑल ०.०३ मि.ग्रॅ. तेच असेल तर खंड न पाडता पुढं चालू ठेवता येतं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पिणारं असेल, तर मात्र ही गोळी नको. यापुढं चालू पट्टीच्या तिसऱ्या आठवड्यातच पुढच्या मागत चला, आणि एकदम तीन मागा.

तक्रार तोंडी करू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा : कोणतं साधन, कोणकोणत्या तारखांना गेलात, काय उत्तर मिळालं. अर्ज प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, प्रती तालुका आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. कुटुंब नियोजनाच्या साठ्याची नोंद आता संगणकावर असते. त्यामुळं ‘मागणी कोणत्या तारखेला नोंदवली आणि जिल्हा भांडारातून किती पट्ट्या निघाल्या’ हे दोनच प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, उत्तराची मुदत ३० दिवस. बऱ्याचदा असं दिसतं की मागणीच गेलेली नसते. पाच-सहा जणींनी मिळून अर्ज दिला, तर एकीचं नाव डोळ्यांवर येत नाही.

प्रश्न : अमेरिकेत २०२२ मध्ये गर्भपाताचा हक्क गेला. सरकार बदललं की आपल्याकडेही तसं होईल का? (विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : तिथं तो हक्क तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या एका निकालावर उभा होता. २४ जून २०२२ रोजी त्याच न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि विषय एकेका राज्याच्या हाती गेला. आपल्याकडे संसदेचा कायदा आहे, १९७१ चा, २०२१ मध्ये सुधारलेला. तो बदलायचा तर संसदेतच. शिवाय मूल हवं की नको हे ठरवणं घटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये सांगितलं, आणि २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालानं २० ते २४ आठवड्यांची तरतूद अविवाहित स्त्रीलाही खुली केली. तरी हा केवळ मागणीवर मिळणारा हक्क नाही, डॉक्टरांचं मत लागतं : २० आठवड्यांपर्यंत एकाचं, पुढं २४ पर्यंत ठरावीक परिस्थितीत दोघांचं.

राजकारण आपल्याकडे वेगळ्या दारानं येतं. आणीबाणीत, १९७६ मध्ये, महाराष्ट्र विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते टळलं. पुढं २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला नसबंदीची शिबिरं बंद करण्याचे आदेश द्यावे लागले. नको म्हणणाऱ्यावर लादणं आणि हवं म्हणणाऱ्याला न देणं, हे दोन्ही एकाच वृत्तीतून येतं. तेव्हा कायद्याइतकंच लक्ष रिकाम्या पदांवर आणि औषधांच्या कपाटावर ठेवा.

प्रश्न : परभणीत मेडिकलवाल्यानं ‘गोळी’ मागितल्यावर नवऱ्याची चिठ्ठी आण म्हणून सांगितलं. असा नियम आहे?

उत्तर : नाही. पण तुम्ही कोणती गोळी मागितली हे पत्रावरून कळत नाही, आणि या दोन गोळ्यांची गल्लत दुकानदारही करतात.

तातडीची गोळी, म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मि.ग्रॅ., चिठ्ठीशिवाय मिळते. संबंधानंतर जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत. दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यायची. ती बीज सुटणं लांबवते, राहिलेला गर्भ पाडत नाही. पाळी ठरलेल्या दिवसापेक्षा आठवडाभर पुढं गेली तर तपासणी करा. पाच दिवसांच्या आत तांबी बसवणं हा याहून खात्रीचा उपाय आहे.

गर्भपाताच्या गोळ्या (मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल) मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच, आणि नऊ आठवड्यांपर्यंतच. त्या परस्पर घेऊ नका : गर्भ नळीत असेल तर गोळ्यांनी तो पडत नाही आणि नळी फुटून जीव जाऊ शकतो. गोळ्यांनंतर सलग दोन तास, तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील, तर लगेच दवाखाना गाठा. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा वेगळा आहे. त्याच्या धाकानं दुकानदार या गोळ्या ठेवत नाहीत, पण मान्यताप्राप्त केंद्रात कायदेशीर गर्भपात करून घेणं हा गुन्हा नाही. संमती अठरा पूर्ण झालेल्या स्त्रीची एकटीची लागते. नवऱ्याची, सासूची सही नाही. तिचं नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

प्रश्न : सासरे सरपंचपदाला उभे राहणार होते, आता माझ्या नवऱ्याला उभं करायचं ठरलंय. मला तिसऱ्यांदा दिवस गेलेत. मला मूल हवंय, घरचे पाडायला सांगतात. (घनसावंगी, जि. जालना)

उत्तर : ताई, दोनपेक्षा जास्त अपत्यं असलेल्याला ग्रामपंचायत लढवता येत नाही, हे खरं आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेलं अपत्य त्यात मोजलं जातं, आणि मूल दत्तक दिल्यानं ही अट चुकत नाही. ही अट कायमची आहे असंही नाही : आंध्र प्रदेशानं २०२४ मध्ये ती काढून टाकली. पण पदाची अट नवऱ्याला आहे, तुमच्या शरीराला नाही. तुमच्या संमतीशिवाय गर्भपात घडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ खाली गुन्हा आहे, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांना एकटीनं भेटायचं आहे असं सांगा आणि ‘मला नको’ हे स्पष्ट बोला. संमतिपत्र वाचल्याशिवाय अंगठा किंवा सही देऊ नका. कोरा कागद तर नाहीच. घरात धाकदपटशा वाढला तर १८१ वर फोन करा, अंगावर धावून आले तर ११२. गरोदरपणाची नोंद आजच आशाताईंकडं करून घ्या. नोंद झाली की तुमच्या तपासण्या सुरू होतात आणि घराबाहेरच्या कुणाला तरी हे माहीत असतं.