‘आमचा गाळा तिसरा!’ : घरदुरुस्ती, तुम्ही विचारा

प्रश्न : काका नमस्कार. आम्ही नाशकात पाथर्डी फाट्याजवळ रो-हाऊसमध्ये राहतो. पार्किंगला बिल्डरने राखाडी पट्ट्यांचं साधं रोलिंग शटर दिलंय, आठ फूट बाय सात फूट, आणि खरं सांगू का, संध्याकाळी शटर खाली ओढलं की घर घर वाटतच नाही, किराणा दुकान बंद करून मालक गावी गेलाय असं वाटतं. सासूबाई तर फोनवर पत्ता सांगताना सरळ म्हणतात, "आमचा गाळा तिसरा." नवीन दरवाजा बसवायचं बजेट नाही, पण 2027 च्या सिंहस्थाला पाहुण्यांची रीघ लागणार, त्याच्या आत काहीतरी करायचंय. मी आणि मिस्टर रविवारी हाताने करू शकतो. मिस्टर म्हणतात लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या चिकटवून टाकू. करू का?
— एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : आधी सासूबाईंना नमस्कार सांगा, रोगाचं निदान त्यांनी बरोबर केलंय. आता मिस्टरांना सांगा की पट्ट्या चिकटवायच्या नाहीत, अजिबात नाहीत. शटर वर जातं तेव्हा ते ड्रमवर गुंडाळलं जातं, एकावर एक थर घासत बसतात, तिथे चार-पाच मिलिमीटरची पट्टीसुद्धा एक तर उखडणार नाहीतर शटर मध्येच अडकवणार. आणि अडकलं तर वरचा खोका उघडून स्प्रिंगला हात लावू नका बरं का, तिच्यात ताण भरलेला असतो, ते काम शटरवाल्याचंच.

माझं मत विचाराल तर शटरला हात कमी लावा, आजूबाजूला जास्त लावा. गाळा वाटतो तो तीन गोष्टींमुळे, एक तो राखाडी रंग, दुसरं वरचा उघडा पत्र्याचा खोका, आणि तिसरं म्हणजे भिंतीत नुसतं भोक पाडून शटर बसवल्यासारखं दिसतं, भोवती चौकटच नसते. घराच्या दाराला चौकट असते, दुकानाला नसते, एवढाच फरक आहे. मग शटर आणि खोका भिंतीच्या रंगाचा किंवा त्याच रंगाची एक शेड गडद करा म्हणजे ते मागे जातं, आणि भोवती दोन्ही बाजूंना नि वर भिंतीवर चार-पाच इंच रुंद पट्टा वेगळ्या रंगाचा ओढा किंवा डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेली) पट्टी स्क्रूने ठोका, भिंतीवर चालते, तिथे काही गुंडाळायचं नाहीये. दोन्ही बाजूंना एकेक दिवा, नावाची पाटी, खाली दोन मोठ्या कुंड्या. एवढ्याने सासूबाई पत्ता बदलतील.

आता रंग. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो. सिडकोत आमच्या पार्किंगचं शटर मी ऐन श्रावणात, दोन सरींच्या मधे, थेट ऑइल पेंट मारून रंगवलं. गणपतीत सगळे वा वा म्हणाले. दसऱ्याला खालच्या पट्टीवर नखाएवढा फोड आला, तो मी बोटाने दाबला, आणि रंग उकडलेल्या बटाट्याच्या सालासारखा वीतभर लांब सुटून हातात आला, खाली चकचकीत पत्रा जसाच्या तसा! कारण नंतर कळलं. पत्रा गॅल्वनाइज्ड होता, म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. ऑइल पेंटमधल्या तेलाची आणि जस्ताची दमट हवेत रिअ‍ॅक्शन होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो, आणि साबणावर काय टिकणार?

म्हणून पहिलं काम, आपला पत्रा कोणता ते बघा. लोहचुंबकाचा उपयोग नाही, तो दोन्हीला चिकटतो. जुना ओरखडा शोधा, तिथे तांबडा गंज असेल तर साधं लोखंड, आणि गंज नसून राखाडी चमक किंवा पांढरी भुकटी असेल तर गॅल्वनाइज्ड. काही पत्र्यांवर बर्फाच्या फुलांसारखी नक्षी दिसते, तेही जस्तच. साध्या लोखंडाला रेड ऑक्साइड किंवा झिंक क्रोमेट प्रायमर चालतो. गॅल्वनाइज्ड असेल तर दुकानात जीआयचा (म्हणजे गॅल्वनाइज्ड पत्र्याचा) प्रायमर किंवा एच (etch) प्रायमर असं स्पष्ट मागा, दुकानदार "कोणताही चालतो ताई" म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.

प्रायमरच्या आधी धुणं. साबणाच्या पाण्याने सगळं शटर, मग बाजूच्या गाइडमधून (शटर ज्या पन्हळीत सरकतं ती) पट्ट्यांच्या टोकांवर आलेलं ग्रीस थिनरच्या फडक्याने, कारण ग्रीसवर जगातला कुठलाच रंग बसत नाही. गंज असेल तिथे तारेचा ब्रश आणि 120 नंबरचा सँडपेपर, बाकी सगळीकडे 220 ने हलकं घासायचं, जस्त असेल तर फारच हलकं नाहीतर मुलामाच निघून जाईल. एक महत्त्वाचं, शटरवर जुना रंग असेल आणि तो 2017 च्या आधीचा असेल तर कोरडं घासू नका. रंगातल्या शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे त्याच वर्षी नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या डब्यात काय होतं कोण जाणे, म्हणून पाणी मारत वॉटर पेपरने घासा, मास्क लावा, पोरांना आत पाठवा.

रंग सॅटिन फिनिशचा, म्हणजे मंद चकाकीचा घ्या. ग्लॉसी घेतला की पत्र्याचा प्रत्येक पोचा उन्हात उठून दिसतो. तुमच्या मापाला एका बाजूसाठी दोन हातांना सव्वा ते दीड लिटर धरा, पट्ट्या फुगीर असल्यामुळे नुसत्या लांबी-रुंदीच्या हिशोबापेक्षा जास्त लागतो. चार इंची फोमचा रोलर पट्टीवर आणि एक इंची ब्रश खाचेत, आणि खाचेत रंग भरायचा नाही, नुसता पुसल्यासारखा लावायचा, नाहीतर दोन पट्ट्या एकमेकींना चिकटतात. हाताला लागेनासा झाला की शटर वीतभर वर-खाली करून पट्ट्या मोकळ्या करा, पण पूर्ण वर मात्र दुसऱ्या हातानंतर दोन दिवस नेऊ नका. म्हणजे गाडी आधी बाहेर काढून ठेवा! आमच्या शेजारच्यांची अ‍ॅक्टिव्हा दोन दिवस आतच राहिली होती आणि ते रिक्षाने ऑफिसला जात होते.

वेळ म्हणाल तर दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत. पण डिसेंबर-जानेवारीत आपल्या नाशकात सकाळी पत्र्यावर दव असतं, निफाडला तर पारा कधी कधी पाच अंशांच्या खाली जातो, त्यामुळे साडेदहाच्या आधी डबा उघडू नका आणि तीनपर्यंत आटपा. मे महिन्यात उलटं, तापलेल्या पत्र्यावर रंग ब्रशखालीच सुकतो आणि फोड येतात.

---

प्रश्न : आमचं पंचवटीत जुनं घर आहे, पार्किंगला दोन झडपांचं लोखंडी पत्र्याचं सपाट गेट आहे, प्रत्येक झडप पाच बाय सहा फूट. सराफ बाजारातल्या सरकारवाड्यासारखं, जुन्या वाड्याच्या दारासारखं दिसावं असं फार वाटतं. आणि मुलीला त्यावर वारली काढायचीय. दोन्ही होईल का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : दोन्ही होईल, पण एकाच गेटवर नको हो, खिचडी होईल. वाडा गेटवर आणि वारली बाजूच्या भिंतीवर, असं मुलीला पटवा. नाहीतर पूर्ण गेटच मुलीला देऊन टाका, खरं सांगायचं तर मला तेच जास्त आवडेल, पेठ-सुरगाणा-हरसूल पट्टा आपल्याच जिल्ह्यात, वारली आपल्या घरावर नाही तर कुठे. तसं केलंत तर खाली गेरूसारख्या तांबड्या रंगाचा इनॅमल मारा. रेड ऑक्साइड प्रायमर दिसतो अगदी गेरूसारखा पण तोच तसा सोडून देऊ नका, तो उन्हापावसात उघडा राहण्यासाठी नसतोच. तांदळाच्या पिठाच्या जागी पांढरा इनॅमल आणि बारीक ब्रश, आधी खडूने आखून घ्या.

वाडाच करायचा ठरला तर लाकडाच्या किंवा डब्ल्यूपीसीच्या तीन इंची उभ्या पट्ट्या, मधे अर्धा इंच फट. उभ्याच, आडव्या नाही, आडव्या पट्टीच्या वरच्या कडेवर पाणी साचतं आणि मागचा पत्रा तिथूनच गंजायला लागतो. बारा मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या घेतल्या तरी एका झडपेवर पंधरा-वीस किलो वजन वाढतं, तेव्हा आधी बिजागऱ्या तपासा. झडप अर्धी उघडून मोकळ्या टोकाला धरून वर उचला, खडखड करून वर-खाली हलली तर बिजागरी झिजलीय, आधी वेल्डरकडून बदलून घ्या. पट्ट्या बसवायच्या आधी पत्र्याला मागून-पुढून प्रायमर आणि रंग पूर्ण करा, नंतर हात पोचणार नाही. पाडलेल्या प्रत्येक भोकात प्रायमरचा थेंब. डब्ल्यूपीसी उन्हात वाढतं म्हणून दोन्ही टोकांना तीन मिलिमीटर जागा सोडा, मी नव्हती सोडली, एप्रिलमध्ये मधली पट्टी धनुष्यासारखी वाकली.

आणि वाड्याच्या दारावरचे ते मोठे खिळे हवे असतील तर हार्डवेअरच्या दुकानात गोल टोपीचे कॅरेज बोल्ट मागा, तेच पट्टी धरायचं कामही करतील. मॅट काळा रंग द्या, दोन ओळींत लावा, चार ओळी लावल्या तर किल्ल्याचा दरवाजा होतो. कडी मात्र जुन्या बाजारातून शोधून खरी आणा.

---

प्रश्न : गॅरेजच्या दारावर लाकडी डिझाइनचं व्हिनाइल स्टिकर मिळतं म्हणे, एका दिवसात काम. लावू का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : दार सपाट असेल, पश्चिमेचं ऊन येत नसेल आणि दोनेक वर्षांनी परत काढायची तयारी असेल तर लावा. पट्ट्यांच्या शटरवर नाही. गंजावर तर नाहीच, वरून लाकूड दिसेल आणि आतून पत्रा खात राहील. काढताना हेअर ड्रायरने गरम करून एका कोपऱ्यापासून हळूहळू सोलायचं, उरलेला गोंद थिनरच्या फडक्याने.