फिल्म कॅमेऱ्यासाठी हातातला स्पॉट मीटर (दृश्यातल्या एका छोट्या ठिपक्याचाच उजेड मोजणारं यंत्र) घ्यायचा तर पेंटॅक्स डिजिटल, मिनोल्टा एफ की सेकॉनिक 758? फ्लॅशही मोजता आला तर बरं.

तिन्ही एक अंशाचे. दहा मीटरवरून साधारण 17 सेंटिमीटरचा गोल मोजतात. तिथे डावं-उजवं काही नाही. कंपनीवरून डोकं पिकवू नका, मीटरचं भिंग बघा. हे मला फार महागात पडून कळलंय.

साताऱ्याकडचं आमचं आजोळ पाडायचं ठरलं, तेव्हा शेवटचे फोटो काढायला मी गेलो. सिक्स बाय सिक्स (चौरस निगेटिव्हचा) कॅमेरा, एचपी 5 ही कृष्णधवल फिल्म, ट्रायपॉड आणि नुकताच घेतलेला सेकंडहँड स्पॉट मीटर. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. मामांचा तालुक्याच्या गावी स्टुडिओ होता. मीटर म्हणजे शहरी पोरांचं खेळणं, हे त्यांचं ठाम मत. मी माजघरात ट्रायपॉड लावत होतो आणि ते दारात चहाची बशी घेऊन उभे. म्हणाले, "काय सांगतंय रे यंत्र?" मी अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्सची झोन पद्धत, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांना क्रमांक देऊन एक्स्पोजर ठरवणं, समजावायला लागलो, तर म्हणे, "तुझ्या त्या ॲडम्सच्या घरी माजघर होतं का?"

माजघरात उजेड कुठून येणार? कौलात बसवलेल्या एका काचेतून कवडसा पडायचा आणि मागे एक खिडकी. खिडकीखालच्या कोपऱ्यात आजीचं जातं. जात्यावर मीटर धरला. एफ 8 ॲपर्चरला एक सेकंद आलं. मीटर सगळं मधल्या करड्या छटेवर, पाचव्या झोनला आणतो; जातं तिसऱ्या झोनला, म्हणजे तपशील दिसेल अशा गडद सावलीला बसवायचं म्हणून दोन स्टॉप कमी केले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), पाव सेकंद. पुस्तकी, बिनचूक. बाराही फ्रेम अशाच, नीट वहीत लिहून.

रोल धुतला तर कोपरे कोरे. खिडकी सुरेख, कवडसा सुरेख, आणि जात्याच्या जागी नुसती स्वच्छ फिल्म, म्हणजे प्रिंटवर मिट्ट काळोख. तोवर घरावर जेसीबी फिरला होता.

मामा "सांगितलं नव्हतं?" म्हणाले, आणि पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात म्हणत राहिले.

कारण सापडायला मला सहा महिने लागले. मीटरच्या भिंगात आतून धुरकट थर होता, कडेला बुरशीची जाळी. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडलेल्या कुठल्याही भिंगाचं होतं तेच. अशा भिंगावर खिडकीचा उजेड पडला की तो आत पसरतो आणि तुम्ही मोजत असलेल्या काळोखात मिसळतो. काळोख आहे त्यापेक्षा उजळ वाटतो, तुम्ही एक्स्पोजर कमी देता. घरी खिडकीशेजारी काळं कापड टांगून मोजलं, मग भिंगापुढे काळ्या कागदाची नळी धरून परत मोजलं. आकडा जवळजवळ पावणेदोन स्टॉपने खाली आला. म्हणजे माझं जातं तिसऱ्या नाही, जेमतेम पहिल्या झोनमध्ये बसलं होतं.

तेव्हा विकत घेताना ही नळीची परीक्षा विक्रेत्यासमोर करा. आकडा एक तृतीयांश स्टॉपपेक्षा जास्त हलला तर मीटर परत ठेवा. मोबाइलचा टॉर्च मागून मारून भिंगातून बघा. साध्या पांढऱ्या भिंतीवर "बरोबर दाखवतोय बघा" असं कोणी करून दाखवलं तर त्याला काही अर्थ नाही, खराब भिंगही भिंतीवर बरोबरच दाखवतं.

यातून चोख निघाले तर मी पेंटॅक्स घेईन. आकडा कड्यावर जुळवला की शटर आणि ॲपर्चरच्या सगळ्या जोड्या एकदम दिसतात. बॅटरी मात्र सहा व्होल्टची, दोन ठेवा जवळ. मिनोल्टा एका पेन्सिल सेलवर चालतो, कुठल्याही टपरीवर मिळतो. त्याचं सावलीचं बटण आपणहून 2.7 स्टॉप कमी करतं, हे विसरून वर आणखी दोन कमी करू नका. पारा असलेल्या बॅटरीवर चालणारे जुने सुईवाले मीटर स्वस्त दिसतात. नको.

फ्लॅशचं राहिलंच. मिनोल्टा एफ आणि 758 मोजतात, पेंटॅक्स नाही.

आणि हो, तुम्ही 35 एमएमवर रस्त्यात फिरत फोटो काढत असाल तर यातलं काहीच घेऊ नका, ते पैसे रोलमध्ये घाला. माणसांचे फोटो असतील तर चेहऱ्यापाशी धरायचा साधा इन्सिडंट मीटर (अंगावर पडणारा उजेड मोजणारा) बरा. स्लाइड फिल्मवर सावलीचं सगळं उलटं, तिथे उजेड सांभाळायचा.

मामांनी त्या दिवशी अंदाजाने एकच फोटो काढला होता, त्याच माजघराचा. कॅमेरा पाटावर ठेवून, मनात काहीतरी मोजत. तो आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. जातं दिसतं, पाळीवरचा खुंटासुद्धा दिसतो. खिडकी मात्र पार पांढरी फटक गेलीय, आणि ते मी आल्यागेल्याला दाखवतो.