सही केली म्हणून हक्क संपत नाही : कर्जासोबत घातलेल्या विम्याचा परतावा

प्रश्न : गेल्या वर्षी घर बांधण्यासाठी मी एका बँकेकडून १५ वर्षांच्या मुदतीने आठ लाख रुपयांचे कर्ज घेतले. नुकताच खातेउतारा काढला, तेव्हा कर्ज प्रत्यक्षात ८,४८,००० रुपयांचे असून वरचे ४८,००० रुपये वितरणाच्याच दिवशी एका विमा कंपनीकडे वळते केल्याचे दिसले. शाखेत विचारले असता, "विमा घेतल्याशिवाय कर्ज होत नाही आणि तुमची सही आहे," असे सांगण्यात आले. पॉलिसीचा कोणताही कागद मला मिळालेला नाही. हे पैसे परत मागता येतील का? तोपर्यंत हप्ते थांबवावेत का? (एक वाचक, देवगड)

उत्तर : पैसे परत मागता येतील. हप्ते मात्र एकही थांबवू नये. हप्ता चुकला की दंड लागतो, पतमाहिती कंपन्यांकडे थकबाकीची नोंद होते आणि तक्रारदार म्हणून उभे राहायचे त्याऐवजी आपल्याला थकबाकीदार म्हणून उत्तरे देत बसावे लागते.

कर्जदाराने आयुर्विमा घेतलाच पाहिजे, असा कोणताही कायदा नाही. उलट, बँकेने दुसऱ्या कंपनीचा विमा विकताना ग्राहकाचा सहभाग पूर्णपणे ऐच्छिक असला पाहिजे आणि बँकेची कोणतीही सेवा त्या खरेदीवर अवलंबून ठेवता कामा नये, ही रिझर्व्ह बँकेची जुनीच भूमिका असून २०१६ च्या निर्देशांतही ती होती. एक सेवा हवी असेल तर दुसरी घ्यावीच लागेल, अशी अट घालणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४१) नुसार प्रतिबंधक व्यापारी प्रथा ठरते. त्यामुळे शाखेने आपल्याला दिलेले "विमा घेतल्याशिवाय कर्ज होत नाही" हे उत्तर बँकेच्या बचावाचे नसून आपल्या तक्रारीचा पुरावा आहे. ते लेखी मिळवण्याचा प्रयत्न करावा. मिळाले नाही, तर कोणत्या दिवशी, कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने ते सांगितले याची नोंद आपणच आपल्या पत्रात करावी. घराचा आग व भूकंपाविरुद्धचा विमा ही वेगळी बाब आहे. घर तारण असल्याने तो बँक मागू शकते, पण अमुकच कंपनीचा घ्या, असा आग्रह धरू शकत नाही.

आता सहीविषयी. कर्जाच्या वेळी गठ्ठ्याने कागद समोर येतात आणि साहेब बोट ठेवतील तिथे आपण सही करतो, हे आपल्याकडच्या प्रत्येक गावात घडते. बँकेवर विश्वास ठेवून सही करणाऱ्या माणसाला त्याच सहीचा धाक दाखवावा, याची मला मनापासून चीड येते. सही झाली आहे हे नाकारू नका. प्रश्न आहे तो, काय सांगून सही घेतली याचा. विमा सक्तीचा आहे, असे सांगून घेतलेली संमती ही स्वेच्छेने दिलेली संमती नव्हे, हाच आपला मुख्य मुद्दा राहील.

दुसरा आधार 'की फॅक्ट स्टेटमेंट' या कागदाचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ (म्हणजे व्यक्तींना दिल्या जाणाऱ्या) कर्जांसाठी कर्जाचा सगळा खर्च एकत्र दाखवणारे हे विवरण कर्जदाराला द्यावे लागते. विम्यासारखे तिसऱ्याच्या वतीने वसूल केलेले शुल्कही त्यातील वार्षिक टक्केवारीत (सगळा खर्च धरून काढलेल्या कर्जाच्या वार्षिक दरात) धरावे लागते आणि त्याची पावती कर्जदाराला द्यावी लागते. विवरणात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय आकारता येत नाही. आपले कर्ज या तारखेनंतरचे असेल, तर हे विवरण बँकेकडून मागून घ्या आणि त्यात ४८,००० रुपये कुठे दिसतात का ते पाहा. दिसत नसतील, तर आपली बाजू फारच भक्कम झाली.

त्यासोबत मंजुरीपत्र, कर्जाच्या अर्जाची प्रत, पूर्ण खातेउतारा आणि विम्याचा प्रस्ताव अर्ज, एवढे कागद लेखी अर्ज देऊन मागावेत. प्रस्ताव अर्ज सावकाश वाचावा. आपला व्यवसाय, उत्पन्न आणि प्रकृतीविषयीचे रकाने कोणी भरले आहेत, अक्षर कोणाचे आहे, मोबाइल क्रमांक आणि ईमेल आपलाच आहे की भलत्याच कोणाचा, हे बघावे. ईमेल आपला नसेल तर पॉलिसी आपल्यापर्यंत का पोहोचली नाही, याचे उत्तर तिथेच मिळते. विम्याची मुदतही तपासावी. कर्ज १५ वर्षांचे आणि संरक्षण पाचच वर्षांचे, असे प्रकार होतात. 'कर्जाचे संरक्षण' म्हणून चक्क दरवर्षी हप्ता भरावा लागणारी बचतीची पॉलिसी गळ्यात मारली जाते, तेव्हा तर पुढच्या वर्षी हप्ता मागायला फोन येतो आणि मग सारा प्रकार उघड होतो.

पॉलिसी हाती न आल्याचा एक फायदाही आहे. पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत ती नापसंत म्हणून परत करण्याचा हक्क विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांत आहे. मधल्या काळातील जोखमीचा प्रमाणशीर हप्ता, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा होऊन बाकी रक्कम परत मिळते. ही मुदत कागद मिळाल्यापासून मोजायची असल्याने, तो आपल्याला केव्हा व कसा पोहोचवला याचा पुरावा विमा कंपनीकडे मागावा. समूह विमा (अनेक कर्जदारांसाठी मिळून एकच पॉलिसी) असेल तर पॉलिसीऐवजी विमा प्रमाणपत्र असते. त्यावर छापलेली अट वाचून त्याच आधारे मागणी करावी.

किती रक्कम मागायची, याकडे पुष्कळ जण दुर्लक्ष करतात. ४८,००० रुपये कर्जातच मिसळले असल्याने त्यावर व्याज चालू आहे. व्याजदर नऊ टक्के धरला तर केवळ या रकमेपोटी आपला मासिक हप्ता सुमारे ४८७ रुपयांनी वाढतो आणि १८० हप्त्यांत मिळून सुमारे ८७,६०० रुपये भरले जातात. म्हणून नुसता "विम्याचा हप्ता परत द्या" असे लिहू नये. ४८,००० रुपये वितरणाच्या तारखेपासून मुद्दलातून वजा करावेत, त्यावर आजवर आकारलेले व्याज परत करावे आणि परतफेडीचा तक्ता नव्याने द्यावा, अशी तिहेरी मागणी करावी.

पत्र मराठीत चालते. एकच पत्र बँकेच्या शाखेला आणि विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, दोघांनाही पाठवावे. शाखेत हातोहात दिले तर प्रतीवर तारीख, शिक्का व सही घ्यावी, अन्यथा स्पीड पोस्टने पाठवून पावती जपावी. व्यवस्थापक ओळखीचे आहेत, रोजची ऊठबस आहे, म्हणून तोंडी बोलण्यावर भागवू नये. तोंडी बोलण्याची पुढे कुठेही दखल घेतली जात नाही. पत्रात रागाचे शब्द नकोत. घडले तसे, तारखांच्या क्रमाने लिहावे आणि "विमा ऐच्छिक असल्याचे मला सांगण्यात आले नाही, पॉलिसी मला आजवर मिळालेली नाही" ही दोन वाक्ये स्पष्ट असावीत.

३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) तक्रार करता येते. त्यासाठीचा मदत क्रमांक १४४४८ आहे. विमा कंपनीविरुद्ध विमा लोकपालाकडे जाता येते, आणि सिंधुदुर्ग व रत्नागिरी या जिल्ह्यांसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. दोन्हीकडे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही. विमा कंपनीने नकार दिल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे पोहोचावे लागते. तिसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा, म्हणजे आपल्यासाठी ओरोसचा. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली असल्याने बँकेचे मुख्य कार्यालय मुंबईत असले तरी मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहारात शुल्कही नाही. मात्र तिथे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि एकच तक्रार एकाच वेळी आयोगात व लोकपालाकडे चालवता येत नाही. माझ्या मते आधी लोकपालाकडे जावे, पण दोन वर्षांची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करून ठेवावी.

एक गोष्ट मात्र विमा रद्द करण्यापूर्वीच विचारात घ्यावी. घरात आपण एकटेच कमावते असाल आणि मुले लहान असतील, तर कर्जाइतके संरक्षण असणे खरोखरच गरजेचे आहे. आक्षेप सक्तीला आणि लपवाछपवीला आहे, विम्याला नाही. स्वतंत्र मुदत विमा (ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा) कितीला पडतो ते विचारावे. १८ ते ५० वर्षे वयाच्या कोणालाही प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचे संरक्षण बँक खात्यातूनच मिळते. दुसरे संरक्षण सुरू झाल्यावर मगच पहिले सोडावे.

प्रश्न : मुलगा बोटीवर असतो. त्याच्या पगारातून आम्ही दहा वर्षांचे कर्ज चार वर्षांतच फेडले. सुरुवातीला एकरकमी भरलेल्या विम्याचे काय, असे विचारले तर "कर्ज संपले, विमा संपला" असे बँक म्हणते. (एक वाचक, गुहागर)

उत्तर : एकरकमी हप्ता भरलेला कर्जसंरक्षण विमा कर्ज फिटल्याने बहुधा आपोआप संपत नाही. उरलेल्या सहा वर्षांसाठी तो वारसाच्या नावे चालू ठेवता येतो किंवा परत करून उरलेल्या मुदतीचे मूल्य मिळवता येते. नेमकी तरतूद आपल्या प्रमाणपत्रात वाचावी. परतावा सरळ वर्षांच्या हिशेबाने मिळेलच असे नाही, त्याचे सूत्र पॉलिसीत दिलेले असते आणि रक्कम अपेक्षेपेक्षा कमी निघू शकते. अर्ज बँकेकडे नव्हे, थेट विमा कंपनीकडे करावा. सोबत बँकेचा ना-देय दाखला, विमा प्रमाणपत्राची प्रत आणि रद्द केलेला धनादेश जोडावा. कंपनीने पैसे आधीच बँकेकडे पाठवले असल्याचे कळवले, तर ते कोणत्या तारखेला व कोणत्या खात्यात गेले हे लेखी मागून घ्यावे.

प्रश्न : आंबा बागेवरील पीककर्जातून फळपीक विम्याचा हप्ता कापला गेला. तोही परत मागता येईल का? (एक बागायतदार, राजापूर)

उत्तर : इथे नियम उलट बाजूने चालतो. २०२० च्या खरिपापासून कर्जदार शेतकऱ्यालाही सहभाग ऐच्छिक आहे, परंतु नको असल्यास अंतिम तारखेच्या किमान सात दिवस आधी तसे लेखी कळवावे लागते. कळवले नसेल तर हप्ता कापणे नियमाला धरून आहे आणि परतावा मिळणे अवघड आहे. कळवल्याची पोच असूनही कापला असेल, तर ती पोच जोडून बँकेकडे तक्रार करावी. अवकाळी पाऊस आणि वाढते तापमान यांनी मोहोर जातो, हे आपण दरवर्षी पाहता. त्यामुळे हा विमा नाकारण्यापूर्वी दोनदा विचार करावा, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

प्रश्न : ब्रिटनमध्ये बँकांनी असे पैसे सरसकट परत केले, असे ऐकले. आपल्याकडे तसे मिळवून देतो, असा फोन आला होता. त्यांना चार हजार रुपये भरायचे आहेत. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : भरू नका. ब्रिटनमध्ये कर्जासोबत चुकीच्या पद्धतीने विकलेल्या विम्यापोटी ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत झाली हे खरे आहे, पण तिथल्या नियामकाने त्यासाठी तक्रारींची व्यवस्था आखली होती आणि तिची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९ होती. भारतात अशी सामुदायिक योजना नाही. प्रत्येकाला आपापल्या कागदांवर दाद मागावी लागते आणि लोकपालाकडे त्यासाठी एक रुपयाही लागत नाही. लोकपाल कार्यालयातून किंवा विमा नियामकाकडून बोलतो, असे सांगून पैसे, ओटीपी किंवा खात्याचा तपशील मागणारा माणूस भामटाच असतो. पैसे आधीच गेले असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर कळवावे आणि बँकेला सांगून व्यवहार थांबवण्याची विनंती करावी.