सुगरणीचा नर आणि माणसाचा संसार

प्रश्न : आमच्या विहिरीवर वाकलेल्या बाभळीला दरवर्षी सुगरणीचे खोपे लागतात. यंदा ते बघून दीर म्हणाले, "ह्यातला नर दोन-तीन बायका करतो. निसर्गच तसा, मग पुरुषाची जात वेगळी कशी असंल?" लेकरांसमोर काय बोलावं सुचलं नाही. हे खरंय का?
— एक वाचक भगिनी, ता. माजलगाव, जि. बीड

उत्तर : ताई, दिरांनी सांगितलेली गोष्ट खरी, काढलेला अर्थ चूक.

पाऊस लागला की पिवळ्या डोक्याचा नर खोपा विणायला घेतो. विणतो तो नरच, श्रेय मात्र आपण मादीला देतो. मधल्या आडव्या पट्टीपर्यंत काम आलं की तो थांबतो. मग मादी येते, पट्टीवर बसते, चोचीनं धागे ओढून बघते. पसंत पडला तर खोपा पुरा होतो, नाहीतर तसाच अर्धवट लोंबत राहतो. ती अंडी उबवायला बसली की नर शेजारी दुसरा खोपा सुरू करतो. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी 1930 च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला हेच बारकाईनं टिपलं.

त्याला हे जमतं कसं? पावसाळ्यात नाकतोडे, अळ्या मुबलक असतात, त्यामुळे पिल्लांना भरवायचा बहुतेक भार मादी एकटी पेलते.

आता दिरांना कमळपक्ष्याचं सांगा. कमळाच्या तळ्यात पानांवरून चालणारा, लांब शेपटीचा पक्षी. त्याची मादी एका नराला चार अंडी देते आणि दुसऱ्या नराकडं जाते. अंडी उबवणं, पिल्लं राखणं सगळं नराकडं. हाही निसर्गच की! मग ह्या पक्ष्याचा दाखला पुरुष का देत नाहीत?

माणसाचं बघायचं तर प्राण्यांतले त्याचे जवळचे नातलग, म्हणजे वानर बघावेत. गोरिल्लाचा एक नर अनेक माद्या राखतो; त्याचं वजन मादीच्या दुपटीच्या आसपास असतं. गिबन नावाचे छोटे वानर जोडीनं राहतात आणि त्यांचे नर-मादी वजनानं जवळपास सारखेच असतात. आपल्यातला बाई-पुरुषाच्या वजनाचा फरक गिबनापेक्षा जास्त, पण गोरिल्लापेक्षा फार कमी; म्हणजे अनेक माद्या राखणाऱ्या गोरिल्लासारखी आपली घडण नाही.

जगातल्या बहुतेक समाजांनी पुरुषाला अनेक बायकांची मुभा दिली होती, हे लपवायचं कारण नाही. पण त्या समाजांतही बहुतेकांचा संसार एकीशीच झाला. हिमाचलात किन्नौरकडं तर भावाभावांत एक बायको करायची चाल होती, कारण तुकडाभर जमीन वाटली गेली तर कुणाचंच पोट भरलं नसतं. 

माणसाचं लेकरू वर्षानुवर्षं हातावर असतं, एकट्या आईच्यानं ते निभत नाही. तुमच्याच भागात बघा, ऊसतोडीला मजूर नेणारा मुकादम नवरा-बायकोला मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरांची एक जोडी धरतो आणि मागं लेकरं आजी सांभाळते. लेकरांना हेच सांगा, आणि दिरांसमोर सांगा.